केराटोकोनस : मुलाच्या डोळ्याचं क्रॉसलिंकिंग लगेच करावं की थांबून बघावं?

चैत्रपालवी
नमस्कार मंडळी. गेले दहा दिवस डोक्यात दुसरं काही नाहीये म्हणून इथे लिहितेय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

मुलगा १७ वर्षांचा. दोन-सव्वादोन वर्षांत चार चष्मे झाले. दर वेळी सिलिंडर नंबर वाढलेला आणि दर वेळी मी त्याला मोबाईलवरून बोललेली. मागच्या महिन्यात रात्री गच्चीवर उभा होता आणि एकदम म्हणाला, "आई, उजव्या डोळ्याने चंद्र नीट दिसतो पण डाव्याने बघितलं की त्याच्याखाली अजून तीन-चार चंद्र लोंबकळतात." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं, टोपोग्राफी (डोळ्याच्या पुढच्या काचेच्या आकाराचा नकाशा) केली, केराटोकोनस निघाला, म्हणजे ती पारदर्शक काच, कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखी पुढे येते. डाव्या डोळ्यात सगळ्यात जास्त वक्रता ५३.१ डायॉप्टर आणि जाडी ४५८ मायक्रॉन, उजव्यात ४६.८ आणि ४९७.

आता एक डॉक्टर म्हणतात डाव्याचं क्रॉसलिंकिंग (थेंब आणि दिव्याने कॉर्निया ताठ करतात ते) लगेच करा. दुसरे म्हणतात सहा महिन्यांनी परत स्कॅन करू, खरंच वाढतोय का ते कळू दे, तोवर सेमीसॉफ्ट लेन्स वापरा. तिसऱ्यांनी कॉर्नियात बसवायच्या रिंगांचा विषय काढला. आणि एक नातेवाईक म्हणतात कशाला एवढं, लेसिक करून टाका, नंबरच जाईल. लेन्स घातली की आजार थांबतो का? क्रॉसलिंकिंग केलं की चष्मा सुटतो का? मला कुठली गोष्ट कशासाठी आहे तेच कळेनासं झालंय.

किनारा
सगळ्यात आधी : लेसिक नाही म्हणजे नाही. लेसिकमध्ये कॉर्निया अजून पातळ करतात आणि इथे मूळ दुखणंच कॉर्निया पातळ आणि कमजोर असल्याचं आहे. लेसिकच्या आधी टोपोग्राफी करतात तीच मुळात असे डोळे बाजूला काढायला. नातेवाईकांना हात जोडून सांगा.

दुसरं, मला हे १९ वर्षांपासून आहे, दोन्ही डोळ्यांत. नोकरी करतो, गाडी चालवतो, हे वाचतोय आणि टाईपही करतोय. झोपा शांतपणे, बाकीचं सविस्तर लिहितील लोक.

लोलक
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, लेन्स बसवण्याचंच काम रोज करते, म्हणून थोडं मुळापासून लिहिते.

कॉर्निया म्हणजे बुबुळाच्या पुढची पारदर्शक काच. जाडी मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर. पण डोळ्याची प्रकाश एकवटायची जी काही ताकद आहे त्यातली जवळजवळ दोन तृतीयांश ह्या काचेचीच. तिची वक्रता बहुतेकांची ४३-४४ डायॉप्टरच्या आसपास असते. कॉर्नियात कोलॅजनचे धागे थरावर थर रचलेले असतात. केराटोकोनसमध्ये ह्या धाग्यांची आपापसातली पकड सैल होते, मग डोळ्याच्या आतल्या नेहमीच्याच दाबाने कमजोर जागा पुढे येते आणि पातळ होते. डोळ्याचा दाब वाढलेला नसतो, भिंत ढिली झालेली असते. फुगवटा बहुतेकदा मध्याच्या थोडा खाली असतो, म्हणून तुमच्या मुलाला एकाखाली एक चंद्र दिसतात.

चष्म्याने सुरुवातीला भागतं, पुढे का भागत नाही? चष्म्याची काच नियमित वाकडेपणा दुरुस्त करू शकते, एका दिशेला जास्त, दुसरीला कमी, असा. इथे पृष्ठभागच ओबडधोबड होतो. त्यावर कडक लेन्स (सेमीसॉफ्ट म्हणतात ती हीच) ठेवली की लेन्स आणि कॉर्नियाच्या मधल्या फटीत अश्रू भरतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर पाणी साचलं की वरून सपाट दिसतं ना, तसंच. अश्रू आणि कॉर्निया प्रकाशाला जवळपास सारखंच वाकवतात, त्यामुळे खालचा ओबडधोबडपणा प्रकाशाला 'दिसतच' नाही, त्याला दिसतो लेन्सचा गुळगुळीत पुढचा भाग. सॉफ्ट लेन्स मऊ असल्यामुळे खालचाच आकार घेते म्हणून ती इथे फारशी कामाला येत नाही.

आणि हे महत्त्वाचं : लेन्सने आजार थांबत नाही. लेन्स काढली की डोळा होता तसाच. काही वर्षांपूर्वीपर्यंत लेन्स दाबून ठेवते म्हणून फुगवटा वाढत नाही असं सर्रास सांगायचे, ते बरोबर नाही. उलट मध्यावर घासणाऱ्या घट्ट लेन्सने टोकावर व्रण पडू शकतो.

चैत्रपालवी
लोलक, फार फार आभार. पहिल्यांदाच कुणीतरी मला कळेल असं सांगितलं. चंद्र खाली का लोंबतात ते मुलाला वाचून दाखवलं, तो म्हणाला "म्हणजे मी वेडा नाहीये." मला रडू आलं.

दवबिंदू
क्रॉसलिंकिंग मी २२ व्या वर्षी केलं, दोन्ही डोळ्यांचं, चार महिन्यांच्या अंतराने. काय होतं ते जसंच्या तसं सांगते, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं.

भूल फक्त थेंबांची. पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून चिमटा लावतात. मग कॉर्नियावरचा वरचा नाजूक थर खरवडून काढतात, दुखत नाही पण कोणीतरी काचेवरचं धुकं पुसतंय असं दिसतं आणि पुसल्यावर सगळं अजूनच धूसर होतं. मग रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे पिवळेजर्द थेंब, दर दोन-तीन मिनिटांनी, अर्धा तास. मग निळसर जांभळा दिवा, अजून अर्धा तास, त्यातही थेंब चालूच. मी छतातल्या पंख्याची पाती मोजायचा प्रयत्न करत होते, तीन होती पण मला सात दिसत होती.

शेवटी बँडेज लेन्स घालून घरी. पहिले दोन-तीन तास मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच? मग भूल उतरली. डोळ्यात वाळू आणि मिरची एकदम टाकल्यासारखं. खोलीचे पडदे लावून त्यावर चादर लावली तरी फटीतून येणारा उजेड सोसत नव्हता, नाक पण गळत होतं. पहिली रात्र वाईट, दुसरी बरी, चौथ्या दिवशी बँडेज लेन्स काढली तेव्हा माणसात आले. पुढे महिनाभर आधीपेक्षाही धूसर दिसत होतं, हे आधीच माहीत असू दे नाहीतर जीव घाबरतो. मग हळूहळू निवळत जातं, मला पाचेक महिने लागले.

वेदनाशामक गोळ्या आधीच लिहून घ्या, पडदे आधीच लावून ठेवा, आणि पहिले तीन दिवस त्याच्यासोबत कोणीतरी राहा.

आडवाट
मी वेगळं मत मांडतो, कृपया रागवू नये कोणी. मी ४१ वर्षांचा. २३ व्या वर्षी कळलं. क्रॉसलिंकिंग केलं नाही, तेव्हा ते फारसं कुठे होतही नव्हतं. गेली दहा-बारा वर्षं दोन्ही डोळे जिथल्या तिथे आहेत. सेमीसॉफ्ट लेन्स, दिवसाला बारा तास. सगळ्यांचाच वाढत जातो असं नाही, आणि शस्त्रक्रिया ती शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग, डाग हे सगळं त्यात येतंच. दुसरे डॉक्टर म्हणतात तेही बरोबरच आहे की, आधी वाढतोय का बघा मग हात लावा.

लोलक
आडवाट, रागवायचं काय त्यात, तुमच्या बाबतीत थांबणं बरोबरच ठरलं. पण तुमच्या आणि त्या मुलाच्या वयात फरक आहे. वय वाढतं तसा कॉर्निया आपोआप ताठ होत जातो, त्याच्या धाग्यांमध्ये नैसर्गिक सांधे पडत जातात. म्हणून बहुतेकांचा आजार पस्तिशी-चाळिशीत मंदावतो. किशोरवयात मात्र तो सगळ्यात जोमात असतो आणि तेव्हा सहा महिने म्हणजे थोडा काळ नाही. गेलेली जाडी परत येत नाही. त्यामुळे लहान वयात बरेच कॉर्निया तज्ज्ञ पुरावा गोळा करत बसत नाहीत, निदान झालं की करून टाकतात. तिशीतल्या माणसाला तेच डॉक्टर थांबायला सांगतील.

निरभ्र
मी क्रॉसलिंकिंग करून पस्तावलो होतो. मुद्दाम 'होतो' लिहितोय. मला वाटलं होतं चष्मा जाईल. चार महिने वाट बघितली, नंबर जवळपास तोच. फसवल्यासारखं वाटलं, दुसऱ्या डोळ्याचं करायला गेलोच नाही. अडीच वर्षांनी तपासलं तेव्हा केलेला डोळा तिथल्या तिथे आणि न केलेला पार पुढे गेलेला, आता त्या डोळ्याला चष्मा लागूच होत नाही. त्या अडीच वर्षांचं मला आजही वाईट वाटतं. करण्याआधी एक वाक्य कोणी नीट समजावलं असतं तर दुसरा डोळा वाचला असता.

किनारा
निरभ्रने लिहिलंय ते चैत्रपालवी तुम्ही कागदावर लिहून फ्रिजवर लावा. ह्या आजारात प्रश्न दोन आहेत आणि लोक ते एकात एक कालवतात. एक, वाढायचं थांबवायचं कसं. दोन, आहे त्या डोळ्याने नीट दिसायचं कसं. क्रॉसलिंकिंग पहिल्याचं उत्तर आहे. चष्मा, लेन्स, रिंगा ही दुसऱ्याची उत्तरं आहेत. काहींची वक्रता क्रॉसलिंकिंगनंतर थोडी कमी होते, होऊ शकते, पण ती वरकड कमाई समजायची. तुमचे पहिले आणि दुसरे डॉक्टर एकमेकांविरुद्ध बोलत नसून कदाचित दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत.

सुतारपक्षी
एक गोष्ट अजून कोणीच विचारली नाही. मुलगा डोळे चोळतो का?

चैत्रपालवी
हो!! लहानपणापासून. धुळीची ॲलर्जी आहे त्याला, सर्दी तर बारा महिने. सकाळी उठला की आधी दोन्ही मुठींनी डोळे चोळणार मग बोलणार. त्याचा संबंध आहे?

सुतारपक्षी
आहे, आणि खूप आहे. मुठीच्या सांध्यांनी गोल गोल दाबून चोळणं सगळ्यात वाईट. डेमियन गॅतिनेल म्हणून फ्रेंच नेत्रशल्यविशारद आहेत, त्यांचं तर मत असं की चोळणं नाही तर केराटोकोनस नाही. मला स्वतःला ते पटतं, कारण माझा जास्त खराब डोळा उजवा आहे आणि मी उजव्याच हाताने चोळायचो, उजव्याच कुशीवर उशीत तोंड खुपसून झोपायचो.

लोलक
गॅतिनेल यांचं म्हणणं सगळ्यांनी मान्य केलेलं नाही. आयुष्यभर डोळे चोळणारे कितीतरी लोक आहेत ज्यांना काही होत नाही, आणि घराण्यात असणं, डाऊन सिंड्रोम, ॲलर्जीची प्रकृती हे सगळं जोडीला असतंच. पण चोळण्याने नुकसान होतं ह्याबद्दल कोणाचंच दुमत नाही. क्रॉसलिंकिंग करून नंतर चोळत राहिलात तर केलेल्यावर पाणी पडू शकतं.

फक्त "चोळू नकोस" एवढं सांगून होत नाही, खाज येते म्हणून तो चोळतो. ॲलर्जीचे थेंब डॉक्टरांकडून घ्या आणि नेमाने टाका. बिनस्टेरॉईडचे रोज चालणारे असतात. स्टेरॉईडचे थेंब स्वतःच्या मनाने कधीही आणू नका, लगेच बरं वाटतं म्हणून लोक महिनोन् महिने टाकतात आणि काचबिंदू नाहीतर मोतीबिंदू घेऊन येतात. खाज सुटली की थंड पाण्याची घडी बंद पापणीवर नुसती ठेवायची, दाबायची नाही.

आणि चैत्रपालवी, मोबाईलचं तेवढं मनातून काढून टाका. मोबाईलने केराटोकोनस होत नाही.

चैत्रपालवी
दोन वर्षं त्याला त्याच्यावरून बोलत होते मी. आत्ता जाऊन सॉरी म्हणून आले.

पारिजात
माझ्या ओळखीत एकांनी डोळ्यांचे व्यायाम आणि मधाचे थेंब टाकून नंबर कमी केला म्हणतात. निदान सहा महिने करून बघायला काय हरकत आहे, नाहीतरी थांबायचंच आहे तर.

ध्रुवतारा
पारिजात, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतंय पण हरकत आहे. व्यायाम डोळ्याच्या स्नायूंना होतो, कॉर्नियात स्नायू नसतातच. आणि डोळ्यात निर्जंतुक नसलेली कुठलीही गोष्ट घालायची नाही, ह्या आजारात तर नाहीच नाही. मी असेच एक वर्ष घालवले म्हणून कळकळीने लिहिते.

माझ्या बाबतीत पुढे काय झालं तेही लिहिते, घाबरवायला नाही. २६ व्या वर्षी एका सकाळी उठले तर डाव्या डोळ्यासमोर दुधी काच. आरशात बघितलं तर बुबुळावर पांढरा ठिपका, दुखत होतं, पाणी थांबत नव्हतं. ह्याला हायड्रॉप्स म्हणतात. कॉर्निया इतका ताणला गेला की आतला पडदा फाटला आणि डोळ्यातलं पाणी कॉर्नियात शिरलं. ते आपोआप जिरतं, मला तीन महिने लागले, पण जिरल्यावर बरोबर मध्यभागी डाग राहिला. मग प्रत्यारोपण.

प्रत्यारोपण दोन तऱ्हेचं असतं. आतला थर शाबूत असेल तर फक्त वरचे थर बदलतात, डाल्क म्हणतात त्याला, आपलाच आतला थर राहतो त्यामुळे शरीराने नाकारायची भीती खूप कमी. माझा आतला थरच फाटलेला, म्हणून पूर्ण जाडीचं करावं लागलं. केसापेक्षा बारीक १६ टाके. ते सगळे निघून नजर स्थिरावायला दीड वर्ष लागलं. आज त्या डोळ्याने छान दिसतं, पण लेन्स अजून लागतेच, आणि लाली, उजेड न सोसणं, दुखणं, धूसर होणं ह्यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे हा नियम आयुष्यभराचा. रोज रात्री डोळा मिटताना त्या अनोळखी माणसाची आणि त्याच्या घरच्यांची आठवण काढते, ज्यांनी त्या दुःखात नेत्रदानाला होकार दिला.

गोष्टवेल्हाळ
ध्रुवतारा, _/\_

थोडं अवांतर, पण राहवत नाही. मानवी कॉर्नियाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९०५ साली डिसेंबरात एडुआर्ड झिर्म ह्यांनी ओलोमोउत्समध्ये केलं, आता ते चेक प्रजासत्ताकात आहे. चुन्याने डोळे भाजलेला एक मजूर होता त्याला दृष्टी मिळाली. प्रतिजैविकं यायला अजून कित्येक वर्षं होती! आणि केराटोकोनसचं पहिलं नीट, सविस्तर वर्णन जॉन नॉटिंगहॅम ह्या इंग्रज डॉक्टरांनी १८५४ मध्ये केलं. नाव ग्रीक आहे, केरास म्हणजे शिंग आणि कोनोस म्हणजे शंकू. कॉन्टॅक्ट लेन्स सुद्धा सुरुवातीला कुणाची चष्मा सोडायची हौस भागवायला आली नाही. अडोल्फ फिक ह्यांनी १८८८ मध्ये काचेची लेन्स केल्याचं लिहिलं, ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी होती आणि असेच शंकूसारखे कॉर्निया त्यांच्या डोळ्यासमोर होते. म्हणजे आज ज्याला स्क्लेरल लेन्स म्हणून नवीन नवीन म्हणतात ती कल्पना सगळ्यात जुनी.

तिसरा_प्रहर
स्क्लेरलचं नाव निघालं म्हणून. सेमीसॉफ्ट मला कधीच सोसली नाही. धूळ आत गेली की चालता चालता रस्त्याच्या कडेला थांबून काढावी लागायची, दोनदा तर उडून हरवली. चार वर्षांपासून स्क्लेरल घालतोय. मोठी असते, वाटीसारखी, कॉर्नियाला शिवतच नाही, पांढऱ्या भागावर टेकते आणि मधे सलाईन भरलेलं असतं. ते सलाईन प्रिझर्वेटिव्ह नसलेलंच पाहिजे कारण ते दिवसभर कॉर्नियाला लागून असतं. नळाचं पाणी लेन्सला दाखवायचंसुद्धा नाही, त्यातल्या अमीबाचा संसर्ग झाला तर डोळा जायची वेळ येते.

घालायची पद्धत : रबरी चोषकावर लेन्स, काठोकाठ सलाईन, मान पूर्ण खाली, जमिनीला तोंड, आणि सरळ वर डोळ्यात. मान थोडी जरी तिरकी झाली की बुडबुडा शिरतो आणि परत पहिल्यापासून. पहिल्या दिवशी मला पाऊण तास लागला, आता दीड मिनिट. काढताना चोषक मध्यावर लावून ओढायचं नाही, कडेला लावायचं. दुपारनंतर कधीकधी आतलं सलाईन गढूळ होतं, तेव्हा काढून धुऊन परत घालायची.

पहिल्यांदा घातली तेव्हा समोरच्या गच्चीवरच्या दोरीचे चिमटे मोजले, अकरा होते, दोन निळे. घरी आलो तर कपाटावरची धूळही दिसली. बायको म्हणाली दिसली ना, मग घ्या फडकं :-)

दवबिंदू
अकरा चिमटे, दोन निळे!! मस्त वाटलं वाचून.

चैत्रपालवी
चिमट्यांचं मुलाला वाचून दाखवलं, आता त्याला तीच लेन्स हवीये. आणि तिसऱ्या डॉक्टरांनी रिंगा सुचवल्या होत्या त्याचं काय? त्याने थांबतं का?

लोलक
रिंगा म्हणजे प्लॅस्टिकचे अर्धगोल तुकडे, कॉर्नियाच्या जाडीत बोगदा करून सरकवतात, त्याने फुगवटा जरा चापट होतो आणि मध्याकडे येतो. आता दात्याच्या कॉर्नियाच्या पट्ट्याही घालतात, ती पद्धत डॉ. सूसन जेकब ह्यांनी मांडली. पण किनाराच्या दोन प्रश्नांपैकी हा दुसरा प्रश्न, दिसण्याचा. लेन्स सोसत नाही त्यांना जास्त उपयोग. एकट्या रिंगेच्या भरवशावर आजार थांबला असं समजू नये, बरेचदा क्रॉसलिंकिंग जोडीने करतात. तुमच्या मुलाला आत्ता घाई नाही.

घाई कशाची आहे ते जाडीवरून ठरवा. क्रॉसलिंकिंगची मूळ पद्धत जर्मनीत ड्रेस्डेनला निघाली, वोलेनझाक, श्पोर्ल आणि झायलर ह्यांनी २००३ मध्ये निष्कर्ष छापले. त्यात वरचा थर काढल्यावर निदान ४०० मायक्रॉन जाडी लागते, म्हणजे दिव्याचा अतिनील प्रकाश आतल्या नाजूक पेशींपर्यंत पोचत नाही. वरचा थर साधारण ५० चा, म्हणजे ४५८ मधून तो गेला की मुलाकडे ४०० च्या थोडंसंच वर उरतं. पातळ कॉर्नियासाठी वेगळे, कॉर्निया तात्पुरता फुगवणारे थेंब वगैरे उपाय आहेत, पण सरळ रस्ता आत्ता उघडा आहे, तो अजून किती दिवस उघडा राहील ते डोळा वाढतोय का त्यावर.

आडवाट
हे ४०० चं गणित मला माहीत नव्हतं. ह्या हिशोबाने माझा थांबण्याचा सल्ला त्या मुलाला लागू होत नाही, मागे घेतो. पण मग खरा प्रश्न वाढतोय का हाच. सहा महिने न थांबता ते कळायचा काही मार्ग आहे?

किनारा
आहे की! चैत्रपालवी, चार चष्मे झाले म्हणालात ना? चारही वेळचे नंबराचे कागद घरात असतील. शोधा. सिलिंडर आणि त्याचा अक्ष (म्हणजे वाकडेपणाची दिशा), तारखेने लावा.

चैत्रपालवी
(दोन दिवसांनी)
सापडले. तीन खणात होते आणि एक जुन्या चष्म्याच्या डबीत घडी करून. तारखेने लावले आणि माझे हात गार पडले. डाव्या डोळ्याचा सिलिंडर : १.२५, मग २, मग ३.२५, आता ४.७५. सगळं मिळून २६ महिने. अक्षही दर वेळी सरकलेला. उजवा ०.५० वरून १.२५, म्हणजे तोही हललाय पण हळू. हे चारही कागद कोणीच कधी एकत्र बघितले नव्हते, मीसुद्धा नाही, दर वेळी नवीन चष्मा केला आणि जुना कागद खणात टाकला.

लोलक
हे घेऊन उद्याच जा. दुसऱ्या डॉक्टरांकडे आधी जा, त्यांनी हे बघितलेलं नाही म्हणून ते थांबायला सांगत होते. घरात अजून भावंडं असतील तर त्यांचीही टोपोग्राफी करून घ्या.

चैत्रपालवी
(तीन आठवड्यांनी)
सगळ्यांना सांगायचं होतं म्हणून धागा वर काढतेय.

दुसऱ्या डॉक्टरांनी चारही कागद टेबलावर ओळीने मांडले, एक मिनिट बघितले आणि म्हणाले, "सहा महिन्यांनी मला जे कळणार होतं ते तुम्ही आजच आणलंत." डाव्या डोळ्याचं क्रॉसलिंकिंग मागच्या मंगळवारी झालं. दवबिंदू, तुमचं वर्णन त्याला आधीच वाचून दाखवलं होतं, पडद्यावर चादर आदल्या रात्रीच लावली. पहिल्या रात्री अडीचला उठून बसला, मला म्हणाला "वाळू आली, मिरची अजून यायचीये." मग तीही आली. मी त्याचे दोन्ही हात हातात धरून बसले, झोपेत चोळू नये म्हणून, आणि डोळ्यावर प्लॅस्टिकचं कवच होतंच. शनिवारी बँडेज लेन्स काढली. आता धूसर आहे पण घाबरला नाही, कारण माहीत होतं.

उजव्याचं तीन महिन्यांनी स्कॅन, हलला तर त्याचंही. धाकटीची टोपोग्राफी केली, ती अगदी नीट आहे, वर्षाने परत करायची. ॲलर्जीचे थेंब दोघांनाही चालू.

दोन प्रश्न उरलेत. लेन्स कधी बसवता येईल? आणि तोवर चष्म्याचा नंबर बदलून घ्यावा का?

लोलक
खूप बरं वाटलं. चष्म्याची घाई करू नका, पहिले तीनेक महिने नंबर हलत राहतो, आत्ता केलेला चष्मा लगेच बाद होईल. लेन्स डॉक्टरांनी वरचा थर पूर्ण भरलाय म्हटल्यावरच, बहुतेकदा महिना-दोन महिन्यांनी. आणि एकदा लेन्स सुरू झाली की दर स्कॅनच्या आधी ती बंद ठेवायची, सेमीसॉफ्ट असेल तर दोन-तीन आठवडे, नाहीतर लेन्सने दबलेल्या कॉर्नियाचा चुकीचा नकाशा येतो. उजव्या डोळ्याचा नंबर बसलेला असेल तर जुन्याच चष्म्यात फक्त तेवढी एक काच बदला.

निरभ्र
उजव्याच्या स्कॅनची तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहा. मीही उद्या जातोय, माझा राहिलेला डोळा दाखवायला.

चैत्रपालवी
लिहिली. निरभ्र, काय म्हणाले ते इथे नक्की कळवा, वाट बघते.